‘नो मोअर ड्रीम’ देवनागरी वहीतून कसं शिकायचं

भाचीने तो कागद समोर ठेवला तेव्हा मी पहिलीच्या मुलांच्या वह्या तपासत होते. बीटीएस या सात जणांच्या कोरियन गायकसंघाच्या पहिल्यावहिल्या गाण्याचे, ‘नो मोअर ड्रीम’चे बोल होते त्यावर. शब्द कोरियन, अक्षरं इंग्रजी. एकीकडे फोनवर गाणं वाजत होतं, दुसरीकडे ती कागदावरून म्हणत होती, आणि दोन्हींचा मेळ कुठेच बसत नव्हता. “मावशी, मी बरोबर वाचतेय गं, तरी वेगळंच का येतंय?”

ती बरोबरच वाचत होती. लिपी चुकीची होती. चोवीस वर्षं मी मुलांना बाराखडी शिकवते आहे, आणि माझं ठाम मत झालंय की मराठी माणसाने कोरियन गाणं इंग्रजी अक्षरांतून शिकूच नये. आपल्या वर्णमालेत त्यासाठी भरपूर जागा आहे. दोनशे पानी वही घ्या, डावं पान गाण्याला, उजवं पान उच्चारांच्या खुणांना.

गाण्याला थेट हात घालायचा नाही. आधी सात नावं. चाहते हे गाणं चालू असताना संघातल्या सात मुलांची खरी नावं ठरलेल्या क्रमाने ओरडतात, तोच आपला पहिला धडा: किम नामजून, किम सॉक्जिन, मिन युन्गी, जॉङ होसॉक, पाक जिमिन, किम थेह्यॉङ, जॉन जॉङगुक. एवढ्या सात नावांत निम्मं व्याकरण येऊन जातं.

‘किम’मधला क बघा. कोरियन लिपीत तेच अक्षर ‘युन्गी’त ग होतं, आणि ‘जॉङगुक’मधल्या ‘गुक’मध्ये सुरुवातीला ग तर शेवटी क. अक्षर एकच. शब्दाच्या तोंडाशी आलं की क कडे झुकतं, दोन स्वरांच्या मध्ये, किंवा न, ङ यांच्यानंतर स्वराआधी सापडलं की ग होतं, आणि शेवटी आलं की अर्ध्यात थांबतं. हे थांबणं आपल्या मुलांना जड जातं. आपण ‘नाक’ म्हणताना शेवटचा क सोडून देतो, हलकीशी हवा बाहेर पडते. कोरियनमध्ये जीभ मागे टेकवायची आणि तशीच धरून ठेवायची. आम्ही वहीत अशा अक्षरापुढे छोटं कुलूप काढतो.

‘थेह्यॉङ’मध्ये थ आहे, त नाही. इंग्रजीत तो नुसत्या टी ने लिहितात, म्हणून सगळे त म्हणतात. संघाच्या कोरियन नावाचंही तसंच. ते ‘बांगतान’ नसून ‘बाङथान सोन्यॉनदान’ आहे. बाङथान म्हणजे गोळी न भेदणारं, सोन्यॉनदान म्हणजे मुलांचं पथक. आणि शाळेत आपण ‘वाङ्मय’ सोडलं तर जो कुठे वापरत नाही, तो ङ इथे पावलोपावली भेटतो. मला फार आनंद झाला त्याला इतक्या कामात बघून.

ज मात्र ‘जन्म’मधला घ्यायचा, ‘जावई’मधला नाही. हा फरक मराठी पोराला वेगळा शिकवावा लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

स्वरांत दोनच ठिकाणी अडतं. इंग्रजीत ई आणि ओ जोडून जो स्वर लिहितात तो ‘एओ’ नाही. तो अ आणि ऑ यांच्या मधला एकच आवाज आहे, म्हणून आम्ही ‘ऑफिस’मधला ऑ लिहितो आणि तोंड जरा कमी गोल करतो. दुसरा स्वर मराठीत नाहीच. ‘ई’ म्हणताना ओठ जसे ताणले जातात तसेच ठेवायचे आणि ‘उ’ म्हणायचा. आरशासमोर करा, ओठ गोल झाले की चुकलं. कोरियन लिपीत हा स्वर नुसत्या एका आडव्या रेघेने लिहितात, म्हणून आम्ही उ लिहून खाली रेघ ओढतो.

आता गाण्यातला मुख्य शब्द. ड्रीमला, म्हणजे स्वप्नाला, कोरियनमध्ये म्हणतात ‘क्कुम’. यावर एक पूर्ण संध्याकाळ द्या. हा क ना ‘कुंकू’तला, ना ‘खुंटी’तला. ‘पक्का’ म्हणताना मधे क्षणभर जो आवाज अडतो, तोच इथे शब्दाच्या सुरुवातीला आणायचा. तोंडासमोर चार बोटांवर रद्दीच्या कागदाची पातळ पट्टी धरा. ‘ख’ म्हटलं की पट्टी उडते. ‘क्कुम’ म्हणताना ती हलता कामा नये. मी पहिल्या रविवारी कानाने ऐकून अख्खं गाणं उतरवलं होतं आणि सगळीकडे ‘कुम’ लिहिलं होतं. भाचीच्या ऑनलाइन वर्गातल्या कोरियनच्या बाईंनी ऐकून चूक दाखवली. आठ पानं पुन्हा लिहिली, आणि बरं झालं.

त्याच बाईंमुळे कोरियन अक्षरंही चार दिवसांत आली. सेजोङ राजाने ही लिपी 1443 साली तयार केली आणि 1446 मध्ये लोकांपुढे ठेवली. आज तिच्यात मूलभूत व्यंजनं 14, स्वर 10. क चं अक्षर जिभेच्या मागच्या उंचवट्याचा आकार दाखवतं, म चं अक्षर म्हणजे तोंडाचा चौकोन. ‘क्कुम’ एकाच ठोकळ्यात मावतो: वर क ची जोडी, मधे उ ची आडवी रेघ आणि खाली शेपटी, तळाला म चा चौकोन. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की म उठून त्याला जाऊन मिळतो: क्कुम अधिक इ, ‘क्कुमि’. संस्कृतचा संधी शिकलेल्या मुलाला हे लगेच पटतं.

गाणं कशाबद्दल आहे हे कळल्याशिवाय पाठ करू नका. ‘टू कूल फोर स्कूल’ हा अल्बम 12 जून 2013 ला आला आणि दुसऱ्या दिवशी ‘एम काउंटडाउन’ या कार्यक्रमात सातही जण पहिल्यांदा हे गाणं घेऊन मंचावर उभे राहिले. जॉङगुक तेव्हा पंधरा वर्षांचा होता. शाळकरी मुलांना ते विचारतात की तुझं स्वप्न काय, आणि ते तुझं आहे की घरच्यांचं. तिकडे शाळा सुटल्यावर मुलं हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासला जातात. सोलमध्ये ते क्लास रात्री दहाला बंद करायचा नियम आहे. माझी भाची दहावीत आहे, सकाळी सहाला क्लास, शाळा, पुन्हा क्लास. अर्थ समजल्यावर ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग पेन घेऊन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘क्कुम’ लिहिलं. त्या संध्याकाळनंतर तिचा आवाज त्या शब्दावर कधी घसरला नाही.

मग गायला घ्या. सगळे मिळून ओरडतात तो भाग आधी, कारण तिथे शब्द कमी आणि ठेका स्पष्ट. त्यानंतर सुरातल्या ओळी. यूट्यूबवर वेग 0.75 करा, एक ओळ ऐका, थांबवा, वहीत बोट ठेवून म्हणा. चार मात्रांवर टाळी देत म्हटलं की कुठला शब्द टाळीवर पडतो ते कळतं. त्या शब्दाखाली ठिपका द्या. श्वास घ्यायच्या जागाही तेव्हाच नोंदवा, नंतर सापडत नाहीत.

रॅप सर्वांत शेवटी. नामजून, युन्गी आणि होसॉक या तिघांच्या तुकड्यांना तीन वेगळे रंग वापरा. एका वेळी एकाच रंगावर काम करा, आणि 0.75 च्या वेगात तीन वेळा न अडखळता आल्याशिवाय मूळ वेगाला हात लावू नका. आम्ही अजून दुसऱ्या रंगावर आहोत.