ओटच्या दाण्यात बीटा-ग्लुकन वाढवायचंय? क्रॉस कसा करायचा, निवड कशी करायची

आपल्याकडे ओट म्हणजे चारा. केंट नाहीतर राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले हरिता हा वाण रब्बीत पेरायचा आणि कापून गुरांना घालायचा, दाण्याकडे फारसं कुणी बघतच नाही. पण एमएस्सीला ब्रीडिंग घेतलेल्यांनी जरूर बघा, कारण त्या दाण्यात बीटा-ग्लुकन हा विरघळणारा फायबर असतो जो कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो, रोज ३ ग्रॅमच्या हिशोबाने तसं पाकिटावर लिहायला अमेरिकेच्या एफडीएने १९९७ मध्येच परवानगी दिलीये.

आधी आई-बाप ठरवा. आई आपल्या हवेत टिकणारी, बाप जास्त बीटा-ग्लुकनवाला, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचा हायफाय हा वाण. बाहेरचं बी बॅगेतून आणायचं नाही, एनबीपीजीआरचा (दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती जनुक संस्था) परवाना आणि क्वारंटाईन करूनच. आणि एक लक्षात ठेवा, ओटला मोठा दिवस लागतो, उत्तरेकडचे वाण आपल्या छोट्या दिवसात उशिरा निसवतात, त्यामुळे बाप आधी पेरा आणि दहा-दहा दिवसांनी तीनदा पेरा, नाहीतर आई फुलून जाते आणि पराग मिळतच नाही.

आता क्रॉस, म्हणजे आईच्या फुलावर बापाचा पराग टाकणं. लोंबी अर्धी बाहेर आली की सुरू करा. फुलं वरून खाली उमलतात म्हणून वरची कणसुलं (स्पाइकलेट, म्हणजे फुलांचे छोटे झुबके) घ्या, प्रत्येकात खालचं मोठं फूल ठेवून बाकीची चिमट्याने काढा. त्या फुलातले तिन्ही परागकोश हिरवे असतानाच काढायचे, पिवळे दिसले तर ते फूल सोडून द्या, स्वपरागण झालेलं असू शकतं. मग बटर पेपरची पिशवी. एक-दोन दिवसांनी दुपारी पराग टाका, ओट दुपारीच फुलतो, सकाळी जाऊन उपयोग नाही. बरीच फुलं कोरडी जातात, नाराज होऊ नका, भरपूर करा. बाप काळ्या टरफलाचा आणि आई पांढऱ्या टरफलाची असेल तर फार सोपं, काळा रंग प्रभावी असतो, एफ१ च्या (क्रॉसच्या पहिल्या पिढीच्या) झाडाला पांढरे दाणे आले तर तो क्रॉस नाहीच, काढून टाका.

एफ२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, घाई करून एकेका झाडावर निवड करू नका. बीटा-ग्लुकन एका जीनचं काम नाही, सीएसएलएफ६ हा जीन महत्त्वाचा आहे पण बाकी बरेच आहेत आणि वर हवामानाचाही परिणाम होतो. प्रत्येक झाडाचा एकच दाणा पुढे नेत एफ५ पर्यंत जा, मग प्रत्येक ओळीचं (एका झाडापासून पुढे आलेल्या वंशाचं) बीटा-ग्लुकन मोजा. ४२ क्रोमोसोमचा हा अवाढव्य जीनोम २०२२ मध्ये वाचून झालाय, त्यामुळे मार्कर (हव्या जीनची ओळख पटवणारी डीएनएतली खूण) शोधणं आता बरंच सोपं झालंय, विद्यार्थ्यांना ते शिकवाच.

मोजताना सगळ्यात जास्त फसगत होते. टरफल काढूनच मोजा, टरफलासकट आलेला आकडा कामाचा नाही. एनआयआर मशीन (इन्फ्रारेड प्रकाशाने दाण्यातले घटक मोजणारं) ओटसाठी कॅलिब्रेट केलेलं हवं. सोबत प्रोटीनही मोजत असाल तर जपून, पोचट दाण्यात स्टार्च कमी म्हणून प्रोटीनचा टक्का फुगलेला दिसतो, मी स्वतः एकदा अशीच ओळ निवडली आणि पुढच्या वर्षी दाणा भरला तसा तो टक्का उतरला. म्हणून टक्क्याशेजारी हजार दाण्यांचं वजन आणि प्लॉटचं उत्पादन लिहा, आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये केंट चेक (तुलनेचा वाण) म्हणून लावा, तुलना त्याच ब्लॉकमधल्या चेकशी. चेकच्या स्पष्टपणे वर गेलेल्या ओळी पुढच्या रब्बीत निदान दोन ठिकाणी लावा, प्रत्येक ठिकाणी तीन-तीन रेप्लिकेशनमध्ये (तीनदा पुन्हा लावून), आणि थोडं बी थंड जागी वेगळं ठेवा.