वही दाराबाहेर ठेवून बसा: ख्रिस्ती ध्यान आणि नवं सुचणं

मे महिन्याच्या सुटीत आमच्या चर्चमध्ये मुलांची बायबल शाळा भरते आणि शेवटच्या दिवशीची नाटिका मी लिहून देते. एका वर्षी प्रसंग ठरला येशूने वादळ शांत केल्याचा. मुलं होती २३. येशू आणि बारा शिष्य धरले तर मचव्यात १३ जण बसतात. उरलेल्या दहा जणांना लाटा करायचं, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. आठवडाभर नुसती खाडाखोड केली. मग लिहिणं थांबवलं आणि सकाळी तोच उतारा घेऊन प्रार्थनेला बसू लागले. चौथ्या दिवशी मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय ४, वचन ३६ पाशी अडखळले. तिथे जाता जाता सांगून टाकलंय की त्याच्याबरोबर दुसरेही मचवे होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, पण ते मचवे मला कधी दिसलेच नव्हते. त्यातली माणसंही भिजली असतील, घाबरली असतील. आणि समुद्र एकदम निवला तेव्हा तो कुणी निववला हे त्यांना कळलंही नसेल! माझ्या दहा मुलांना त्यांचा मचवा मिळाला आणि नाटिका त्याच मचव्यातून सुरू झाली.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. ध्यानाला बसायचं ते प्रभूजवळ बसायला, कल्पना मागायला नाही. मागायला बसलं की मन सारखं दाराकडे बघत राहतं आणि समोरचं वचन वाचलंच जात नाही. म्हणून वही-पेन आणि मोबाइल खोलीच्या बाहेर ठेवा. बसायचं कसं, ते आता सांगते.

जागा आणि वेळ

येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, असं मार्क पहिल्याच अध्यायात सांगतो. आपल्याला हे नवीन नाही. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसत, आणि तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं कवी ना. वा. टिळक सांगत.

पुण्यात असाल आणि तळजाई किंवा वेताळ टेकडी जवळ असेल तर उत्तम. शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. जायचं असेल तर आधी विचारून जा. पण रोजच्यासाठी घरातला एक कोपरा आणि एकच ठरलेली खुर्ची पुरे. मी साडेपाचला बसते, दूध यायच्या आत. वीस-पंचवीस मिनिटं.

पेठेतल्या घरात पूर्ण शांतता मिळणार नाही, आणि तिची वाटही बघू नका. पहिली तीनचार मिनिटं डोळे मिटून नुसते आवाज ऐका: शेजारचा नळ, रिक्षा सुरू होताना करते ती कुरकुर, कबुतरं. हा आवाज कसला, तो कशाला, असं काही ठरवू नका. येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघातले फादर अँथनी डिमेलो यांनी १९७०च्या दशकात पुण्यात 'साधना' ही संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. ते आवाज आणि अंगावरच्या संवेदना यांच्याकडे लक्ष देण्यापासूनच सुरुवात करायला लावत. आवाजाशी भांडण सोडलं की तो त्रास देईनासा होतो, हा माझाही अनुभव आहे.

रवंथ

आता सहा-सात वचनांचा छोटा उतारा घ्या. तो दोनदा सावकाश आणि मोठ्याने वाचा. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात 'मनन' या अर्थी जो हिब्रू शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणं असा आहे. तोंडाने म्हटल्याशिवाय मनन पुरं होत नाही, हे परवचा म्हणत मोठे झालेल्यांना समजावून सांगायला नको.

बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवासी साधूने याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि नुसतं देवापुढे असणं. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थना म्हणजे त्याची चव लागणं आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच, असं तो लिहितो. जुने मठवासी मननाला रवंथ म्हणत. गोठ्यात बसलेली गाय ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली संथ लय लगेच कळेल. तिसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द टोचला किंवा आवडला, तर तिथेच थांबा. उतारा पुरा करायचं बंधन नाही.

प्रसंगात जाऊन उभं राहणं

लिहिणाऱ्यांनी, चित्र काढणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत, पुढे येशूसंघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोला यांच्या पायाला तोफगोळा लागला. अंथरुणाला खिळलेले असताना ते ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचत आणि त्या प्रसंगांमध्ये रमून जात. त्यातूनच त्यांची ध्यानाची पद्धत तयार झाली, आणि १५४८ मध्ये तिचं पुस्तक छापलं गेलं. प्रसंगाची जागा मनात उभी करायची आणि तिथे पाचही इंद्रियांनी जायचं, असं ते सांगतात.

वादळाचाच प्रसंग घ्या. मचव्याचं लाकूड ओलं आहे, हाताला बुळबुळीत लागतंय. दोराला माशांचा वास येतोय. पाणी घोट्यापर्यंत आलंय. मागच्या बाजूला येशू झोपलाय आणि त्याच्या डोक्याखाली उशी आहे. ही उशी फक्त मार्कने टिपली आहे. मी एकदा सबंध सकाळ त्या उशीपाशी होते: ती कुणी दिली असेल, तीही भिजली असेल का. मग स्वतःला विचारा, मी कुठे आहे? वल्ह्यावर, की त्याला उठवायला निघालेल्यांत? खरं उत्तर आलं की त्याच्याशी बोला, घरच्या भाषेत.

मधेच काही सुचलं तर

सुचणारच. मनात 'नंतर' म्हणा आणि पुन्हा शब्दाकडे या. मन फारच पळत असेल तर जॉन मेन या बेनेडिक्टाइन मठसंघातल्या साधूने शिकवलेला 'मारानाथा' हा अरामी शब्द मा-रा-ना-था असा श्वासाबरोबर सावकाश म्हणत राहा. प्रभू, ये, असा त्याचा अर्थ. काही कल्पना विसरल्या जातील. माझ्याही विसरल्या गेल्या. ज्या राहिल्या त्या मात्र कामाच्या निघाल्या.

उठल्यावर वही घ्या आणि दहा मिनिटं लिहा. चांगलं-वाईट बघू नका. काय दिसलं, काय टोचलं, एवढंच. त्याच दिवशी त्यातल्या एका गोष्टीवर अर्धा तास तरी काम करा, नाहीतर ती शिळी होते.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं दिवस मागे वळून बघा. हीसुद्धा इग्नेशियस यांचीच शिकवण. कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, कुठे चुकलं, कुठे मन उमललं. माझ्या अर्ध्या गोष्टी या उजळणीतूनच आल्या आहेत: मंडईत लिंबं मोजून देताना एक जास्त टाकणारा म्हाताऱ्या बाईंचा हात मला रात्रीच 'दिसला', सकाळी तो नुसता समोर होता.

आठ-दहा दिवस काहीच सुचणार नाही, असंही होईल. बसायचं सोडू नका. बसल्यावर जुनं दुःख वर आलं आणि आवरेना, तर एकट्याने रेटू नका. पाळकांशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोला.

सुरुवातीला मार्क ४:३५–४१ घ्या, मग लूक १०:३८–४२ मधलं मार्था-मरीयेचं घर, आणि नंतर मार्क १०:४६–५२. तिथे येशू आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? या प्रश्नापाशी मी दोन आठवडे होते. तुम्हालाही तिथे थांबावंसं वाटलं, तर पुढचं वचन राहू द्या.