पावसाळ्यातली मधमाशी आणि तुमची बाग

पुणे परिसरात मधमाशीचे उपाशी दिवस उन्हाळ्यात नसतात. मार्च ते मे जांभूळ, करंज, कडुनिंब फुलोऱ्यात असतात. चणचण भासते ती जून ते सप्टेंबर. पावसाच्या झडीत माशीला बाहेर पडता येत नाही आणि उघडीप मिळाली तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला असतो. त्यामुळे मृगाच्या पावसावर लागवड करताना आधी या चार महिन्यांचा विचार करा.

सगळ्यांत सोपी तुळस, आणि तिच्याच कुळातला सब्जा. सब्जा बी टाकून सहज येतो आणि फुलोरा बराच काळ टिकतो. तुळस डेरेदार व्हावी म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. निदान काही रोपांवर तरी त्या राहू द्या. बांधालगत तीळ, कारळा आणि मक्याच्या दोन-चार ओळी घ्या. मक्यात मकरंद नसतो, पण पराग भरपूर, आणि पोळ्यातली पिले परागावरच वाढतात. जागा असेल तर कुंपणाकडेला शेवगा हवाच. सुटी रोपे बागभर विखरू नका, एकाच जातीचा ताटवा करा: माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुले धरते.

रोपवाटिकेत भरगच्च पाकळ्यांचा गुलाब मोह घालतो. त्याच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, माशीला तिथे फारसे काही मिळत नाही. साधी, एकेरी पाकळ्यांची जात मागा.

वेलवर्गात काकडी आणि घोसाळे सकाळी फुलतात, म्हणून माशीचा फायदा तिथे उघड दिसतो. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, त्यांचे परागीभवन बरेचसे पतंगांकडे. फळधारणा कमी झाली म्हणून दुधीशेजारी मधपेटी ठेवून फार उपयोग होईल असे वाटत नाही.

पेटीच ठेवायची असेल, तर शिवाजीनगरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करा. खादी आयोगाची ही संस्था 1962 पासूनची आहे.

इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी, कीटकनाशके मकरंदात आणि परागातही उतरतात. फुलोऱ्यात ती टाळाच. दुसरी कोणतीही फवारणी अटळ असेल, तर सूर्यास्तानंतर, माश्या पोळ्यात परतल्यावर करा. शेजारी मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगा.