नवं ड्रिल प्रेस घेतलंत? या चुका टाळा

आणल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या बेंच ड्रिलचा, म्हणजे लहान ड्रिल प्रेसचा, चक (बिट पकडणारा भाग) चालू मशीनमधून सुटला आणि मशीनच्या टेबलावर आदळला. खाली सागवानाची फळी होती, तिला अंगठ्याएवढा खड्डा पडला. मी दुकानदाराला फोन लावून दहा मिनिटं तावातावाने बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, टेपर पुसला होता का?"

नव्हता पुसला.

उघड्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून कारखान्यात त्यावर चिकट, ग्रीससारखा थर देतात. चकचा निमुळता दांडा, म्हणजे टेपर, स्पिंडलच्या (मशीनच्या फिरत्या दांड्याच्या) तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसतो, आणि चक वर टिकतो तो या दोन पृष्ठभागांच्या पकडीवर. तिथे स्क्रू नसतो, आटे नसतात. मध्ये तेल राहिलं की पकड संपली. म्हणून प्लग काढून ठेवा, मग दांडा आणि भोक दोन्ही आधी रॉकेलने पुसा आणि नंतर थिनरच्या फडक्याने. नुसत्या रॉकेलवर थांबू नका, तेही तेलकटपणा मागे ठेवतं. चकचे जबडे पूर्ण आत घ्या, चक वर सरकवा आणि खालून लाकडाचा ठोकळा धरून दोन-तीन ठोके द्या. जबडे बाहेर ठेवून ठोकलं तर त्यांनाच मार बसतो.

ही पकड खालून वर येणारा दाब सहन करते, आडवा रेटा नाही. चकमध्ये राउटरचं (लाकडात खाचा काढणाऱ्या यंत्राचं) बिट लावून खाच काढायची कल्पना प्रत्येकाला एकदा सुचतेच. सोडून द्या.

टेबल सरळ असेल असं धरून चालणं

टेबलाखाली अंशांची पट्टी चिकटवलेली असते. माझ्या मशीनवरची ती पट्टी शून्य दाखवत होती, तेव्हा टेबल डावीकडे झुकलेलं होतं. एका अंशाची चूक म्हणजे ५० एमएम जाड लाकडात भोक खाली जवळजवळ ०.९ एमएम सरकतं. स्टुलाच्या पायाला हा फरक लगेच दिसतो.

तपासायला महागडं काही लागत नाही. साधारण ३ एमएम जाडीची ताठ तार दोनदा काटकोनात वाकवा. एक टोक चकमध्ये धरा, मधला भाग आडवा राहू द्या आणि दुसरं टोक टेबलाला जेमतेम टेकेल असं खाली आणा. आता चक हाताने अर्धा फेरा फिरवा. पलीकडे टोक अडलं किंवा खाली फट दिसली, तर टेबल तिरकं आहे. डावी-उजवी बाजू खालचा बोल्ट सैल करून जुळते. पुढची-मागची बाजू जुळवायची सोय बऱ्याच लहान मशीनवर नसते. तिथे टेबलावर १८ एमएम प्लायचा तुकडा बसवा आणि एका बाजूला त्याच्याखाली जाड कागदाच्या पट्ट्या सरकवा. जुगाड वाटेल, पण माझ्याकडे तेच चालू आहे. शिवाय टेबलाच्या भोकावर काम करताना लाकडाची खालची बाजू फुटते, ते या प्लायमुळे आपोआप टळतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. मशीनचा उभा खांब गोल असल्यामुळे टेबल वर-खाली केलं की ते थोडं बाजूलाही फिरतं, आणि जुळवलेलं केंद्र जातं. एकाच जागी दोन बिटं वापरायची असतील तर उंची आधीच लांब बिटाच्या हिशेबाने ठेवा.

सगळी भोकं एकाच वेगावर

वेग बदलायला मोटरचा पट्टा हलवायचा कंटाळा हे यामागचं खरं कारण. ६ एमएमच्या बिटाला मिनिटाला २००० च्या वर फेरे चालतात. त्याच वेगावर बिजागरीचं ३५ एमएमचं बिट लावलंत तर भोकाच्या कडेला काळी रिंग उमटते, जळका वास सुटतो आणि बिटाची धार कायमची उतरते. त्याला ५०० ते ७०० पुरे, आणि मधूनमधून बिट वर उचलून भुसा निघू द्या. सागवानात नैसर्गिक सिलिका असते, तिथे धार तशीही लवकर जाते.

झाकणाच्या आतल्या वेगाच्या तक्त्यावर डोळे झाकून विसंबू नका. तो ६० हर्ट्झच्या देशासाठी छापलेला असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर तसलीच मोटर साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरते.

भोक दुसऱ्या बाजूला निघालं

बिजागरीची वाटी १२-१३ एमएम खोल बसते आणि शटर, म्हणजे कपाटाचं दार, १८ एमएमचं असतं. बिटाचं मधलं टोक आणखी चार-पाच एमएम पुढे असेल, तर लॅमिनेटपर्यंत जेमतेम एक एमएम उरतो, किंवा तोही नाही. खोली नेहमी बिटाच्या कडेवरून मोजा, टोक किती पुढे आहे ते वेगळं बघा, आणि डेप्थ स्टॉपचा (भोकाची खोली रोखणाऱ्या अडसराचा) दुसरा नट आवळल्याशिवाय खऱ्या शटरला हात लावू नका. मी आधी भंगारच्या तुकड्यात एक भोक पाडतोच.

बिट लचकत असेल तर पहिला संशय बिटावर घ्या. काचेवर लोळवून बघा, वाकलेलं असेल तर लगेच कळतं. मग चक तिन्ही भोकांतून चावीने आवळा. मशीनचा दोष हा शेवटचा.

हाताने धरून भोक पाडणं

आमच्याकडे येणारे मिस्त्री म्हणतात, "लाकूड हातात धरू नका साहेब, मशीन हिसकावून घेतं." मोठं बिट खालून बाहेर पडताना अडकतं आणि फळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. फळीचं लांब टोक डावीकडे, खांबाला टेकवून ठेवलं तर ती खांबालाच अडते. उजवीकडे ठेवलं तर पोटात येते. लहान तुकडे क्लॅम्पमध्येच. हातमोजे घालायचे नाहीत, बिट धागा पकडलं की हातही ओढतं.

चावी हरवते म्हणून ती दोरीने मशीनला बांधणारे बरेच आहेत. ती दोरी एखाद दिवशी चकभोवती गुंडाळली जाईल. मी जुन्या स्पीकरचा चुंबक मोटरच्या पेटीवर चिकटवलाय, चावी चकमधून निघाली की थेट तिथेच जाते.