नऊ ते बारा वर्षांच्या मुलींसाठी ख्रिस्ती गोष्टीची पुस्तकं: निवडायची कशी, वाचायची कशी

मुलगी नऊ-दहाची झाली की घरात हळूहळू एक नवीन प्रकार सुरू होतो. फोटो काढला की आधी मोबाईल हिसकावून बघायचं आणि "ई, डिलीट कर, माझे दात बघ कसे दिसतायत". वर्गात हात वर करणं बंद, मैत्रिणींनी खेळात घेतलं नाही म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसायचं. आपण म्हणतो अगं किती गोड दिसतेस, देवाने तुला किती सुंदर बनवलंय, आणि ती आपल्याकडे अशी बघते की तू आई आहेस, तू दुसरं काय बोलणार. तिचंही बरोबरच आहे म्हणा. मुलींचं शरीर बदलायला साधारण ८ ते १३ वर्षांच्या मधे कधीही सुरुवात होते, म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघींमधली एक अजून लहान बाळ दिसते आणि दुसरी एकदम मोठी, आणि गंमत म्हणजे दोघींनाही आपल्यातच काहीतरी बिघाड आहे असं वाटत असतं. अशा वेळी समोर बसवून दिलेलं लेक्चर आत जात नाही, गोष्ट मात्र जाते.

"कादंबऱ्या कशाला, बायबल वाचू दे ना" असं म्हणणारं कोणीतरी घरात किंवा मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) असतंच. त्यांना २ शमुवेल १२ वा अध्याय काढून दाखवा. दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला नाथान संदेष्टा आला तेव्हा त्याने आल्या आल्या आरोप केला नाही, गरीब माणसाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, दावीद त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर जाम भडकला आणि मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. येशूनेही दाखले, म्हणजे बोधाच्या गोष्टी, सांगितल्याच की, आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (पैसे उधळून परत आलेल्या धाकट्याचं वडील स्वागत करतात ती गोष्ट) मोठा भाऊ शेवटी रुसवा सोडून घरात गेला की नाही हे सांगितलेलंच नाही, ऐकणाऱ्याने बसून विचार करावा.

हा शेवटचा मुद्दा पुस्तक निवडताना फार कामाचा आहे. खूपशा ख्रिस्ती बालकादंबऱ्या कडू गोळीला साखर लावल्यासारख्या असतात, मुलीला आरशात बघून रडू येतं, आजी खोलीत येऊन बायबलमधलं एक वचन सांगते, मुलगी डोळे पुसते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळं एकदम झकास. दहा वर्षांच्या पोरीला पण कळतं की असं होत नसतं. वाईट म्हणजे मग तिला वाटायला लागतं की वचन वाचूनही मला तर अजून तसंच वाटतंय, म्हणजे माझा विश्वासच कमी असणार. त्यामुळे मी तरी पुस्तक हातात आलं की पहिल्या प्रकरणानंतर सरळ शेवटची वीस-पंचवीस पानं वाचते (सस्पेन्स गेला तरी चालेल, पुस्तक आपल्यासाठी नाहीये) आणि बघते की नायिकेचं नेमकं काय बदललं. चष्मा गेला, केस सरळ झाले, स्पर्धा जिंकली, ज्या मुलींनी चिडवलं त्याच माफी मागायला आल्या, असं असेल तर वरून कितीही प्रार्थना असू देत, पुस्तक आतून सांगतंय की किंमत दिसण्याला आणि जिंकण्यालाच आहे. ती स्पर्धा हरली, चष्मा तसाच राहिला, आणि तरी ती पुढच्या वेळी मागे लपली नाही, असा शेवट असेल तर घ्या बिनधास्त.

मधली पानंपण चाळायची. जाड मुलगी फक्त हसवण्यासाठी आहे का, चांगली मुलगी दरवेळी गोरी आणि नाजूकच का, हे बघा, लेखकाच्या लक्षातही येत नाही पण वाचणारीच्या येतं. निर्णय कोण घेतं तेही बघा. प्रत्येक अडचणीतून चर्चचे पाळक किंवा बाबा येऊन सोडवणार असतील तर कॉन्फिडन्स नायिकेला कुठून येणार. आणि एका प्रकारापासून जरा सांभाळूनच: "मुलींनी असं राहावं तसं झाकावं, नाहीतर मुलांच्या मनात वाईट येतं" हे गोष्टीत घोळवून सांगणारी पुस्तकं. स्वच्छ, नीट राहणं ठीक आहे, ते शिकवूच, पण दुसऱ्याच्या मनातल्या विचारांचं ओझं दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर टाकलं की ती स्वतःच्या शरीराचीच लाज धरायला लागते. माझ्या मते असलं पुस्तक न दिलेलंच बरं, मग ते कोणीही रेकमेंड केलेलं असो.

वयाचं म्हणाल तर मुलांना आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या नायिकेचं वाचायला आवडतं. नऊ वर्षांच्या मुलीला अकराची नायिका चालते, पण पंधरा-सोळाची आणि तिची लव्हस्टोरी नको, ते अजून पुढचं.

बायबलमधल्या पात्रांवर रचलेल्या गोष्टी घेणार असाल तर सगळे पहिली उडी एस्तेरवर मारतात, म्हणजे पर्शियाची राणी झालेल्या आणि आपल्या लोकांना वाचवणाऱ्या यहूदी मुलीवर. एस्तेर धाडसी आहेच, पण मूळ गोष्टीत मुलींना राजासमोर नेण्याआधी बारा महिने तेल-अत्तरं लावून तयार करायचे आणि तिथे जायचं की नाही हे त्या मुलींना कोणी विचारलेलं नव्हतं. काही पुस्तकं ह्याचा मस्त ब्युटी कॉन्टेस्ट करून टाकतात, तसली बाजूला ठेवा. त्यापेक्षा कमी गाजलेल्या मुली शोधा. नामानाच्या घरी पकडून आणलेली ती इस्राएली छोटी मुलगी (२ राजे ५), तिचं नावसुद्धा दिलेलं नाही, पण एवढा मोठा सेनापती कुष्ठरोगातून बरा झाला तो तिने इस्राएलातल्या संदेष्ट्याबद्दल तोंड उघडलं म्हणून. प्रेषितांची कृत्ये १२ मधली दासी रोदा, तुरुंगातून सुटलेला येशूचा शिष्य पेत्र दाराशी आलाय म्हणून धावत सांगायला जाते, आतले सगळे मोठे म्हणतात तू वेडी आहेस, तरी ती आपलं म्हणणं सोडत नाही, आणि पेत्र खरंच दारात उभा असतो. किंवा गणना २७ मधल्या सलाफहादाच्या पाच मुली, सगळ्या मंडळीसमोर मोशेपुढे उभ्या राहून, भाऊ नाही म्हणून वडिलांच्या वाट्याची जमीन आम्हाला द्या असं मागतात आणि देव म्हणतो ह्यांचं म्हणणं बरोबर आहे. दिसायला कशा होत्या ह्याचा ह्या तिन्ही ठिकाणी एक शब्द नाही!

मासिक पाळी सुरू व्हायच्या आसपास मार्क ५ वा अध्याय, किंवा त्यावर लिहिलेली चांगली गोष्ट मिळाली तर ती, जरूर वाचा. सभास्थानाचा अधिकारी याईर ह्याची मरायला टेकलेली मुलगी बारा वर्षांची, आणि त्याच वाटेवर भेटलेली बाई बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी, त्या काळी अशी बाई अशुद्ध धरायचे, लोक लांब ठेवायचे. येशू तिला गर्दीत सगळ्यांसमोर "मुली" म्हणून हाक मारतो. मग याईराच्या घरी जाऊन, तोवर मेलेल्या त्या मुलीचा हात धरून तिला उठवतो आणि वर सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. हे खायला द्या वालं वाक्य बहुतेक पुस्तकं गाळतात का कोण जाणे, मला तर तेच सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ज्या वयात मुली ताटातलं मोजायला लागतात त्याच वयाच्या मुलीसाठी ते म्हटलेलं आहे.

आता वाचायचं कसं. पुस्तक देऊन मोकळं होऊ नका आणि डोक्यावर बसूही नका, दोघींनी तेच पुस्तक वाचायचं, एक-दोन प्रकरणं झाली की बोलायचं. समोरासमोर बसून नाही हां, कपड्यांच्या घड्या घालताना, चालायला गेल्यावर, जिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही तिथे मुली जास्त बोलतात. "ह्यातून काय शिकलीस?" हा प्रश्न कायमचा बंद, तो आला की परीक्षा सुरू. त्याऐवजी पात्रांबद्दल भांडा. समजा गोष्टीतली मुलगी दातांमुळे कॉयरमध्ये गायचं सोडून देते आणि आपली मुलगी म्हणते,

"बावळटच आहे ती."

"का गं?"

"कोणी बघत पण नव्हतं तिच्या दातांकडे."

"मग तिला का वाटलं बघतायत?"

"...कारण एकदा कोणीतरी बोललेलं असणार."

इथे गप्प बसायचं. जीभ चावून गप्प बसायचं. "बघ, तुझंही तसंच आहे" म्हणायची प्रचंड इच्छा होते, पण ते म्हटलं की ती पुन्हा शिंपल्यात. ते कोणीतरी कोण होतं हे ती दोन दिवसांनी स्वतःहून सांगेल, किंवा नाही सांगणार, आपण घाई करायची नाही.

वचन शेवटी द्यायचं, आधी नाही. स्तोत्र १३९ मधलं "अद्भुत रीतीने माझी घडण झाली आहे" सगळ्यांनाच पाठ असतं, पण मुलींनी ते इतक्या वेळा कॉफीच्या मगांवर आणि पोस्टरवर वाचलेलं असतं की आता ऐकूच येत नाही. अख्खं स्तोत्र वाचा, त्यात लपायला जागा शोधणारा, अंधार मला झाकेल म्हणणारा माणूस पण आहे, तो ह्या वयाच्या मुलींना लगेच पटतो. १ शमुवेल १६:७ (माणूस बाहेरचं रूप बघतो, देव हृदय बघतो) पण चांगलं, तिथे तर नवा राजा निवडायला आलेला शमुवेलासारखा संदेष्टासुद्धा दावीदाचा देखणा उंच भाऊ अलियाब बघून फसलेला आहे.

लिहायची आवड असेल तर नायिकेला पत्र लिहायला सांगा किंवा न पटलेला शेवट बदलून लिहू दे, ती वही तिने दाखवली तरच बघायची. संडे स्कूलमध्ये चार-पाच मुलींचा छोटा ग्रुप करूनही हे छान होतं, फक्त पहिल्याच दिवशी ठरवा की इथे कोणाच्याही दिसण्यावर कॉमेंट नाही, चांगली पण नाही. "तू किती बारीक झालीस" हे कौतुकसुद्धा बाजूच्या मुलीला टोचतं.

एक गोष्ट मात्र पुस्तकावर सोडायची नाही. मुलगी जेवण टाळतेय, खाऊन लगेच बाथरूममध्ये जातेय, स्वतःला जखमा करतेय, आठवडेच्या आठवडे झोप नाही, किंवा कोणीतरी तिला त्रास देतंय असं जाणवलं, तर डॉक्टर आणि काउन्सेलर लगेच, प्रार्थना सोबत चालू ठेवून. "विश्वास ठेव, जाईल" म्हणून थांबायचं नाही.

आणि ख्रिस्ती पुस्तक आहे म्हणून ते पूर्ण वाचलंच पाहिजे अशी सक्ती करू नका, अर्धवट टाकलं तर टाकू दे, जादूच्या दुनियेचं, डिटेक्टिव्ह, जुन्या काळातलं असं वेगळं काहीतरी देऊन बघा. फक्त कुठल्या पानावर कंटाळा आला तेवढं विचारून ठेवा, पुढचं पुस्तक शोधायला त्याचा फार उपयोग होतो.