गोव्यातून स्पितीला जायचंय? मग शिमल्यावरून चढा

मे महिना आला की कोणीतरी विचारतंच, हिमाचलातल्या स्पितीला मनालीवरून जाऊ काय रे? माझं उत्तर ठरलेलं, जाताना शिमला, येताना मनाली. आपण समुद्राकाठची माणसं, गोव्यातला सगळ्यात उंच डोंगरसुद्धा बाराशे मीटरच्या आत, आणि स्पितीतलं मुख्य गाव काझा साडेतीन हजाराच्या वर, म्हणून शिमल्याच्या वाटेने हळूहळू चढायचं. मनालीहून अटल टनेलमधून सुसाट गेलात तर त्याच दिवशी चंद्रताल तलाव, म्हणजे 4,200 मीटरच्या वर, टेंटमध्ये उंचीच्या त्रासाने रात्रभर डोकं धरून बसायचं. आम्ही पहिल्या खेपेला हेच केलं आणि एकाने तर वर फेणी पण घेतली, पुढचं सांगत नाही.

तर मडगावहून गोवा संपर्क क्रांती पकडा (रोज नसते, वार बघून घ्या), थेट चंदीगड. मग शिमला, एक रात्र नारकंडा, दोन रात्री कल्पा, खिडकीतून समोर किन्नर कैलास, मग नाको करत ताबो. ताबोला घाई नको, गोंपा (बौद्ध मठ) 996 सालचा, बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती वाटतात आणि आत शिरलं की चित्रंच चित्रं, फोटो काढू देत नाहीत म्हणून नीट बघून तरी होतं.

काझाला पहिला दिवस काही करू नका, पाणी प्या नि पडून राहा. दुसऱ्या दिवशी गाडी करून की गोंपा, लांगझा, हिक्कीम, कोमिक. लांगझाला दगडात शंख सापडतात, अमोनाइट म्हणतात त्यांना, कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता ना. कळंगुटहून एवढ्या लांब जाऊन परत शंखच बघायचे, मला हसू आलं. पण उचलून आणू नका, विकत तर नकोच. हिक्कीमच्या पोस्टातून घरी कार्ड टाका, बहुतेक तुम्हीच आधी पोचाल.

परतीच्या मनाली वाटेवरचा कुंझुम पास हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, म्हणून जूनच्या मध्यापासून सप्टेंबर, त्यातही सप्टेंबर बरा कारण पावसात किन्नौरात, म्हणजे कल्पा-नाकोच्या भागात, दरडी कोसळतात. परमिट आपल्याला लागत नाही. कॅश भरपूर ठेवा, पेट्रोल काझाला फुल करा, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरला विचारूनच.

आणि मासळी विसरा, थुक्पा-मोमो खा. सुक्या सुंगटांची (कोलंबीची) किसमूर नेलीच असेल तर होमस्टेत डबा उघडू नका, थंडीमुळे सगळं घर एकाच चुलीच्या खोलीत बसलेलं असतं.