दुकानात गाणी ऐका, पण बिलांचा कॉम्प्युटर सांभाळून

सांगलीत माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. कामाला असलेल्या पोराला गाण्यांशिवाय करमत नाही. मागे त्यानं कुठल्याशा फुकट साइटवरून गाणं उतरवलं. नावाच्या शेवटी ‘.एमपी३.ईएक्सई’ होतं, पण विंडोज ते शेवटचं शेपूट लपवतं. ईएक्सई म्हणजे गाणं नव्हे, कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम. डबल क्लिक झालं आणि लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायली कुलूपबंद. तेही ऐन लगीनसराईत!

म्हणून आधी हे करा. विंडोज ११ असेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक. गाण्याच्या मागे ईएक्सई दिसलं की हात लावायचा नाही.

मुळात गाणी उतरवायचीच कशाला? स्पॉटिफाय २०१९ पासून भारतात आहे, ब्राउझरमध्ये चालतं. जाहिराती सोसायच्या, एवढंच. मात्र हेडफोनवर ऐका. खासगी खात्यावरून गिऱ्हाइकांसाठी गाणी लावता येत नाहीत, त्याला वेगळा परवाना लागतो. आमचा पोरगा आता मोबाइलवर ऐकतो, आणि तो मोबाइल राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असतो, म्हणजे बिलांच्या कॉम्प्युटरपासून वेगळा.

कॉम्प्युटरवर त्याला ‘स्टँडर्ड’ खातं दिलंय, म्हणजे मोठे बदल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तो माझ्याच डोक्यात.

बॅकअप दर शनिवारी, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कॉपी झाली की वायर काढून डिस्क कपाटात. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, तीही गिळतं. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघते. उघडत नसेल तर तो बॅकअप कसला?